पहिल्या खंडांचा दगड-संच: दगड भारी, पुस्तिका कोरडी

आधी निकाल सांगतो, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पृथ्वीवर पहिले खंड कसे तयार झाले या विषयावरचा हा दगडांचा संच घ्यावा का, तर घ्यावा. त्यातल्या तीन दगडांसाठी आणि चार थिन सेक्शनसाठी, म्हणजे दगडांच्या पातळ कापांसाठी घ्यावा. सोबतच्या पुस्तिकेसाठी मात्र अजिबात नाही. पाचपैकी चार तारे देतोय, पाचवा पुस्तिकेने घालवला.

बनवणाऱ्याचं नाव इथे टाकत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माल मागवताना एखादी बॅच खराब निघू शकते. असे संच दोन-तीन प्रकारचे मिळतात. मी बोलतोय तो लाकडी खोक्यातला, आठ दगडवाला, ज्यात काचेच्या नळीत झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण आणि काचपट्टीवर चिकटवलेले दगडांचे पातळ काप येतात तो. दगड म्हणजे बेसॉल्ट, अँफिबोलाइट, टीटीजी जातीचा पट्टिताश्म (टीटीजी म्हणजे काय ते खाली येतंय), कोमाटियाइट, सर्पेंटिनाइट, गुलाबी ग्रॅनाइट, एक हिरवट बदललेला बेसॉल्ट आणि चर्ट नावाच्या कठीण सिलिकाच्या दगडाचा एक तुकडा. चर्टचं तिथे काय काम ते मला कळलं नाही, पुस्तिकेतही एका ओळीच्या वर काही नाही, त्यामुळे तो सोडून देऊ.

आता मुद्द्याचं. बेसॉल्ट, अँफिबोलाइट आणि टीटीजी हे तीन दगड शेजारी शेजारी ठेवा आणि बाकी सगळं विसरा. अख्खी गोष्ट या तिघांत आहे आणि त्या गोष्टीचा हिरो पाणी आहे. समुद्राचं वरचं पाणी नाही म्हणत मी, दगडाच्या आत, खनिजाच्या जाळीत अडकलेलं पाणी. ज्वालामुखीतून आलेल्या ताज्या बेसॉल्टमध्ये पाणी जवळपास नसतंच, समुद्रतळाच्या बेसॉल्टमध्ये साधारण अर्ध्या टक्क्याहून कमी. असा कोरडा बेसॉल्ट वितळवायचा तर ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं, आणि खोलीवर दाब वाढला की त्याहून जास्त. पण तोच बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यात भिजला, भेगांमधून गरम पाणी त्याच्यातून फिरलं, मग तो खाली गाडला जाऊन तापला, की त्याचा अँफिबोलाइट होतो. त्यातल्या हॉर्नब्लेंड नावाच्या काळ्या खनिजात वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी असतं. हा दगड ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यानच पाझरायला लागतो. म्हणजे तब्बल दोन-तीनशे अंशांची सूट, आणि तीही मूठभर पाण्यासाठी.

बरं, नुसतं लवकर वितळतं एवढंच नाही, वेगळं काहीतरी वितळतं. हॉर्नब्लेंड फुटतं, पाणी सोडतं, त्या पाण्याने दगडाचा थोडासा भाग वितळतो, आणि तो वितळलेला रस बेसॉल्टसारखा नसतो. बेसॉल्टमध्ये सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास, या रसात ७० च्या आसपास, वर सोडियम भरपूर आणि पोटॅशियम कमी. हाच टीटीजी, म्हणजे टोनालाइट, ट्रोंजेमाइट आणि ग्रॅनोडायोराइट या तीन भावंडांचं मिळून नाव. ४०० ते २५० कोटी वर्षांपूर्वीच्या जुन्या खंडांचा बराच मोठा भाग याच दगडाचा आहे. १९९१ मध्ये रॅप, वॉटसन आणि मिलर यांनी प्रयोगशाळेत अँफिबोलाइटवर दाब देऊन, तापवून नेमका असाच रस काढून दाखवला. पुस्तिकेत या प्रयोगाचा उल्लेख नाही. समुद्रकिनाऱ्याचा पानभर फोटो मात्र आहे.

पाणी हे करतं कसं, हे पुस्तिकेत असायलाच हवं होतं, म्हणून इथे लिहितो. शिलारसात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना धरून लांबलचक साखळ्या आणि जाळ्या करतात, जशी माणसं हातात हात घालून रस्ता अडवून उभी राहतात तशी. पाणी मध्ये घुसतं आणि ते हात सोडवतं, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन हा पूल तोडून दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवतं. साखळी तुटली की वितळायला उष्णता कमी लागते आणि रस पातळ होतो, वाहायला सोपा जातो. एवढंच आहे, तीन ओळींचं काम, एक चित्र काढलं असतं तर शाळेतल्या पोरालाही समजलं असतं.

या प्रकरणाची दुसरी बाजू अजून मजेशीर आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. पाणी शिलारसात राहतं ते दाबामुळे. रस वर चढला, दाब उतरला की पाणी बाहेर पडायला लागतं, आणि पाणी गेलं की वितळणबिंदू पुन्हा वर जातो, म्हणजे तापमान फारसं न उतरताही रस गोठतो. अगदी ओला, पाण्याने गच्च भरलेला ग्रॅनाइटी रस खोलीवर ६५० ते ७०० अंशांवर वाहता असतो, पण तो पृष्ठभागापर्यंत पोचायच्या आत वाटेतच अडकतो. खंडांच्या पोटात खोलवर थिजलेले इतके प्रचंड दगडी गोळे असण्यामागे हे एक मोठं कारण आहे. पाणी रस तयार करतं आणि तेच पाणी निघून जाताना त्याला जागीच रोवतं. संचातला गुलाबी ग्रॅनाइट हातात घेऊन हे डोक्यात आलं की त्या दगडाकडे बघण्याची नजरच बदलते. पुस्तिकेत त्याच्याबद्दल काय लिहिलंय माहितीये? 'सुंदर आणि टिकाऊ.' फरशीच्या दुकानात आलोय का आपण?

थिन सेक्शनबद्दल सांगतो, कारण पैसे वसूल होतात ते इथे. चार काप आहेत, बेसॉल्ट, अँफिबोलाइट, टीटीजी आणि कोमाटियाइट, सोबत पोलरायझर फिल्मचे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या फिल्मचे दोन तुकडे. मायक्रोस्कोप नसला तरी चालतं. एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, तो प्रकाश मुळातच पोलराइज्ड असतो, वर काप ठेवा, त्याच्यावर एकच फिल्म धरून फिरवा आणि मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने बघा. रंग असे उमटतात की बघत बसावं. पण नुसते रंग बघून थांबू नका. भिंग असेल तर अँफिबोलाइटच्या कापात हॉर्नब्लेंडच्या आडव्या छेदात दोन दिशांच्या बारीक रेषा दिसतात, त्या एकमेकींना साधारण ५६ आणि १२४ अंशांत कापतात. बेसॉल्टच्या कापात पायरॉक्सिन असतं, त्याच्या रेषा जवळपास काटकोनात असतात. पहिल्या खनिजाच्या रचनेत पाणी आहे, दुसऱ्याच्या नाही. म्हणजे दगडात पाणी शिरलं होतं की नाही हे तुम्ही कोनावरून ओळखू शकता, घरबसल्या. काप चांगल्या जाडीचे आहेत, कडा नीट घासलेल्या आहेत, एका कापात छोटा बुडबुडा होता पण मध्यभागी नसल्याने चालून जातं.

तराजूचा उद्योगही करून बघा. डिजिटल काटा असला की झालं. दगडाचं वजन करा, मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा आणि दगड दोऱ्याने पाण्यात असा लटकवा की तळाला टेकणार नाही, काटा ग्रॅममध्ये जो आकडा दाखवेल तेवढं दगडाचं आकारमान घनसेंटीमीटरमध्ये, वजनाला त्याने भागलं की घनता. बेसॉल्ट ३ च्या आसपास येतो, टीटीजी २.७ च्या आसपास. फरक दिसायला किरकोळ आहे, पण खंड पाण्यावर डोकं काढून उभे आहेत ते या फरकामुळेच. समुद्रतळाचं कवच सरासरी ७ किलोमीटर जाड आणि जड, खंडाचं ३५ ते ४० किलोमीटर जाड आणि हलकं, त्यामुळे एक खाली जातं आणि दुसरं वरच तरंगत राहतं. आता सर्पेंटिनाइट मोजा. तो येतो साधारण २.६. तो ज्याच्यापासून बनला तो प्रावरणाचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा दगड ३.३ चा असतो. पाणी आत शिरलं आणि दगड फुगला, हलका झाला. सर्पेंटाइन या खनिजात पाणी वजनाच्या १२ ते १३ टक्के असतं, अक्षरशः दगडी टाकी, आणि तापवला की तो हे सगळं पाणी सोडून देतो. खोलवर पाणी पोचवण्याचं काम करणाऱ्यांपैकी हा एक मोठा गडी. मला वाटतं या संचातला सगळ्यात दुर्लक्षित दगड हाच, खोक्यातही त्याला कोपऱ्यातली जागा दिलीये.

हिरवट बेसॉल्टचंही तसंच. हा दगड दिसायला काही खास नाही, पण त्याचा हिरवा रंग क्लोराइट, एपिडोट, अॅक्टिनोलाइट या खनिजांचा आहे, आणि ती गरम पाणी दगडातून फिरल्याशिवाय तयार होत नाहीत. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे प्रत्यक्ष दिसले, दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये ३५० अंशांच्या घरातलं काळं पाणी ओकणारी दगडी धुराडी सापडली, तेव्हा कळलं की समुद्राचं पाणी तळातल्या भेगांमधून खाली जाऊन तापून वर येत असतं. बेसॉल्ट भिजतो तो असा. ग्रीनलंडमधल्या इसुआ भागात ३७० कोटी वर्षांहून जुन्या, पाण्याखाली उशांसारख्या गोळ्यांत गोठलेल्या लाव्हाच्या खुणा आहेत, म्हणजे हा कारखाना तेव्हाही चालू होता. संचात हिरवा दगड बेसॉल्ट आणि अँफिबोलाइटच्या मधे ठेवायला हवा होता, कारण तो मधला टप्पा आहे. यांनी ठेवलाय चर्टशेजारी. मी माझ्या खोक्यात जागा बदलून टाकली, फोम कापावा लागतो थोडा.

आता पुस्तिकेची मुख्य तक्रार. तिच्यात पाणी म्हणजे फक्त समुद्र. खंड तयार झाले, मग त्यांच्याभोवती समुद्र होते, मग पाऊस पडला, झीज झाली, असा सगळा क्रम. पाणी शेवटी येतं. खरं तर ते सुरुवातीला आहे. १९८३ साली कॅम्बेल आणि टेलर या दोघांनी हे रोखठोक मांडलं होतं की पाणी नाही तर ग्रॅनाइट नाही आणि समुद्र नाहीत तर खंडही नाहीत. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला. चंद्राकडे बघा, ग्रॅनाइटचे चिमुकले तुकडे तिथल्या नमुन्यांत सापडलेत, पण खंड म्हणावं असं काही नाही. शुक्र आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा, पण पृष्ठभाग कोरडा आणि दिसतो तो बहुतेक सगळा बेसॉल्ट. तिथल्या काही उंच पठारांबद्दल वाद आहे, तो असू दे, पण पृथ्वीसारखे ग्रॅनाइटी खंड भरभरून असलेला दुसरा ग्रह आपल्याला माहीत नाही.

दुसरी तक्रार म्हणजे पुस्तिकेत एकच चित्र आहे, पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट, म्हणजे प्रचंड तुकडा, दुसरीखाली जातेय, बाण दाखवलेत, खाली शिलारस, वर खंड, आणि हे असंच झालं असं ठासून लिहिलंय. हा वादाचा विषय आहे हो. तेव्हा पृथ्वीचं प्रावरण आजच्यापेक्षा शंभर-दोनशे अंशांनी जास्त गरम होतं, प्लेट आजच्यासारख्या कडक राहून खाली सरकत होत्या का यावर लोक अजून भांडतायत. दुसरा मार्ग असा की बेसॉल्टचे थरावर थर साचत जातात, वर नवीन लाव्हा येतो, खालचा भिजलेला जुना थर त्याच्या ओझ्याने खोल दाबला जातो आणि तळाशी तापून पाझरतो. ऑस्ट्रेलियातल्या पिलबाराच्या दगडांवर २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी हेच म्हटलं की तिथल्या टीटीजीला प्लेट खाली जायची गरज नाही. आणि कॅनडातल्या अकास्टाचा ४०२ कोटी वर्षं जुना दगड तर रसायनशास्त्राच्या हिशोबाने आइसलँडच्या घडणीशी, म्हणजे प्लेट खाली न जाता झालेल्या घडणीशी जास्त जुळतो असं २०१४ चं काम सांगतं. दुसरी बाजू धरणारेही तितकेच ठाम आहेत. माझं मत विचाराल तर दोन्ही चित्रं शेजारी छापायला हवी होती, कारण भांडण पाणी खाली गेलं कसं यावर आहे, ते लागलं की नाही यावर फारसं नाही.

खोली किती होती हे टीटीजी स्वतःच सांगतो, आणि हा भाग मला फार आवडतो. हॉर्नब्लेंड साधारण ३५-४० किलोमीटरच्या खाली फुटलं तर मागे तामडा म्हणजे गार्नेट उरतो, आणि तामडा यिट्रियम आणि यिटर्बियमसारखी मूलद्रव्यं स्वतःकडे धरून ठेवतो, रसाला देत नाही. त्याच वेळी पाणी आणि दाब मिळून प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारला टिकू देत नाहीत, मग त्यातलं स्ट्रॉन्शियम रसात उतरतं. म्हणून बऱ्याच टीटीजीमध्ये स्ट्रॉन्शियम जास्त आणि यिट्रियम कमी असतं. कच्चा माल मात्र भरपूर लागतो, बेसॉल्टचा साधारण १० ते ३० टक्केच भाग वितळतो, बाकीचा जड गाळ खाली उरतो आणि त्यातला बराचसा पुढे प्रावरणात बुडाला असावा. त्या तामडावाल्या उरलेल्या गाळाचा एक तुकडा संचात असायला हवा होता. चर्ट काढा आणि तो घाला, बस.

झिरकॉनच्या नळीबद्दल बनवणाऱ्याचं कौतुक. नळीवर स्वच्छ लिहिलंय की हे कण साध्या किनाऱ्याच्या वाळूतले आहेत, ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्सचे नाहीत. काही विक्रेते यात गोलमाल करतात. जॅक हिल्सचा सगळ्यात जुना कण ४४० कोटी वर्षांचा आहे, २००१ मध्ये वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी जाहीर केला, आणि तो ज्या दगडात सापडला तो दगड स्वतः ३०० कोटींच्या आसपासचा, म्हणजे मूळचा दगड कधीच झिजून गेला आणि कण तेवढा उरला. यात पाण्याची गोष्ट ऑक्सिजनमधून येते. प्रावरणातून थेट आलेल्या झिरकॉनमध्ये ऑक्सिजन-१८ चं, म्हणजे ऑक्सिजनच्या जड प्रकाराचं माप ५.३ च्या आसपास असतं, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारी ५.३ ने जास्त. जॅक हिल्सच्या काही जुन्या कणांत ते ७ च्या पुढे जातं. एवढं चढायचं तर दगड आधी पृष्ठभागाजवळ, कमी तापमानाला, पाण्याने बदललेला असावा लागतो आणि मग तो परत वितळावा लागतो. शिवाय २००५ मध्ये वॉटसन आणि हॅरिसन यांनी कणांतल्या टायटॅनियमवरून तापमान काढलं, ते ७०० अंशांच्या जवळ आलं, म्हणजे ओल्या ग्रॅनाइटच्या पट्ट्यात. यावर आक्षेपही आहेत, बेसॉल्टच्या रसातही शेवटी शेवटी असे थंड कण बनू शकतात म्हणे, पण ऑक्सिजनचा पुरावा वजनदार आहे. पुस्तिकेने यातलं तापमान दिलंय आणि ऑक्सिजन गाळलाय, आणि त्याला काहीच कारण दिसत नाही.

कोमाटियाइटचा तुकडा एक नंबर. गवताच्या पात्यांसारखे लांब स्फटिक उघड्या डोळ्यांना दिसतात, दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनच्या प्रकारातला. पण विषयाशी नातं बारीक आहे, हा १६०० अंशांच्या घरातला लाव्हा, तो कोरडा होता की थोडं पाणी होतं म्हणून कमी तापमानात निघाला यावरही भांडण झालेलं आहे. शोभेला ठेवा, पाहुणे विचारतात.

पॅकिंग ठीकठाक. लेबलं खराब गोंदाने चिकटवलीत, निघून येतात, आणि काळा बेसॉल्ट आणि काळा अँफिबोलाइट यांची लेबलं पडली की नवख्या माणसाला पंचाईत. म्हणून खोका उघडल्या उघडल्या मार्करने दगडाच्या तळाला नंबर टाका. पडलीच लेबलं तर दगड उजेडात हळूहळू फिरवा, अँफिबोलाइटची हॉर्नब्लेंड लांबट काड्यांसारखी चमकते, बारीक कणांच्या बेसॉल्टमध्ये तशी चमक नाही. विक्रेत्याला मेल केला होता, नवीन लेबलं आठवड्याभरात पोचली, ती मात्र इंचभर मोठी असल्याने छोट्या दगडांवर बसत नाहीत.